दिव्याला घातलेली टोपी

भोरहून रायरेश्वराकडे निघालात की वाटेत आंबवडे लागतं. तिथलं नागेश्वराचं जुनं देऊळ, देवळाकडे नेणारा संस्थानी काळातला झुलता पूल, कान्होजी जेधे आणि जिवा महाला यांच्या समाध्या, हे सगळं तुमच्यापैकी काहींनी शाळेच्या सहलीत पाहिलंही असेल. मी मात्र आंबवड्याला जातो तो अंधार पाहायला. हसू नका! पुण्यात माझ्या गच्चीवरून सप्तर्षींचे सात तारे मोजतानासुद्धा डोळे ताणावे लागतात. आंबवड्याला माझ्या आत्याचं घर आहे, गावाच्या अगदी कडेला. तिच्या अंगणात अमावास्येच्या रात्री उभं राहिलं की आधी काहीच दिसत नाही, आणि वीसेक मिनिटांनी इतकं दिसायला लागतं की ओळखीचे ताऱ्यांचे आकारही त्या गर्दीत हरवतात.

या अंगणात मी दीर्घिकांचे फोटो काढतो. दीर्घिका म्हणजे काय हे तुम्हाला माहीत असेलच, तरी एका वाक्यात सांगतो. आपला सूर्य ज्या अब्जावधी ताऱ्यांच्या वसाहतीत राहतो ती आपली आकाशगंगा, आणि अशाच दुसऱ्या लांबलांबच्या वसाहती म्हणजे दीर्घिका. त्यातली देवयानी दीर्घिका तर दिवाळीनंतरच्या अंधाऱ्या रात्री नुसत्या डोळ्यांनीही पुसट दिसते. तिचा उजेड आपल्यापर्यंत यायला सुमारे २५ लाख वर्षं लागतात.

आता तुम्ही म्हणाल, एवढ्या लांबचे फोटो काढायला दुर्बीणही तेवढीच मोठी लागत असेल. माझ्या दुर्बिणीचा आरसा सहा इंचांचा आहे. म्हणजे वरणभाताच्या ताटलीपेक्षाही लहान. तो मी स्वतः घासून केलाय. दोन जाड काचा एकमेकींवर ठेवायच्या, मध्ये कार्बोरंडमची पूड आणि पाणी, आणि घासत बसायचं. वरची काच हळूहळू मध्यभागी खोल होत जाते. पूड बारीक बारीक करत नेली की शेवटी ती चकाकते. मला दोन महिने लागले, आणि त्यातला एक आठवडा काचेवर उठलेला एक ओरखडा घालवण्यात गेला.

माझा पहिला प्रयत्न मात्र साफ फसला होता. तेव्हा फिल्मचे कॅमेरे होते. देवयानीवर दुर्बीण रोखून चाळीस मिनिटं मी एका डोळ्याने एक तारा तारेच्या फुलीवर धरून ठेवला, हाताने चाक फिरवत. मान आखडली. रोल धुवायला दिला, तर स्टुडिओतल्या माणसाने तो न छापताच परत केला. "काहीच आलं नाहीये, सगळं काळं आहे," म्हणाला. मी निगेटिव्ह उजेडात धरली. मधोमध तांदळाएवढा एक डाग होता! पण रोल कापताना त्याने कात्री नेमकी त्या डागातूनच चालवली होती. त्याचं तरी काय चुकलं म्हणा, रात्रीचं आकाश त्याच्यासाठी काळंच होतं.

इथे मला एक जुनी गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. १८८८ च्या डिसेंबरात इंग्लंडमध्ये आयझॅक रॉबर्ट्‌स नावाच्या हौशी माणसाने देवयानीचा फोटो काढला. हा काही ज्योतिषशास्त्राचा प्राध्यापक नव्हता, इमारती बांधणारा व्यावसायिक होता. त्याच्या दुर्बिणीचा आरसा वीस इंची होता. त्या फोटोत पहिल्यांदाच देवयानीचे गोल वळलेले पदर दिसले. आणि गंमत ऐका, त्याच सुमाराला आपल्या पुण्यातही तशीच वीस इंची दुर्बीण उभी राहत होती! कॉलेज ऑफ सायन्समध्ये, म्हणजे आज ज्याला आपण सीओईपी म्हणतो तिथे. भावनगरच्या महाराजांनी देणगी दिली म्हणून वेधशाळेचं नाव महाराजा तख्तसिंगजी वेधशाळा. तिचे प्रमुख होते कावसजी दादाभाई नायगमवाला. रॉबर्ट्‌सची आणि पुण्याची, दोन्ही दुर्बिणी डब्लिनच्या ग्रब यांच्या कारखान्यातल्या. १८९८ चं खग्रास सूर्यग्रहण टिपायला नायगमवाला सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊरला तळ ठोकून होते. ते निवृत्त झाल्यावर १९१२ मध्ये वेधशाळा बंद झाली आणि दुर्बीण कोडाईकॅनॉलला गेली.

रॉबर्ट्‌सला वाटलं, आपण एखादी सूर्यमाला जन्मताना पाहतोय. देवयानी ही वेगळी, फार दूरची दीर्घिका आहे हे पक्कं कळायला एडविन हबल यांना १९२३ मध्ये तिच्यात एक खास प्रकारचा तारा सापडावा लागला. म्हणजे बघा, रॉबर्ट्‌सच्या हातात फोटो बरोबर होता, पण तो कशाचा आहे हे त्याला माहीत नव्हतं. आज माझी दुर्बीण त्याच्या दुर्बिणीपुढे लहान मूल आहे, तरी माझं काम भागतं, कारण कॅमेरा बदलला. फोटोच्या काचेवर किंवा फिल्मवर उजेडाचे शंभर कण पडले तर जेमतेम एखाददुसरा कामी यायचा. आजच्या साध्या डिजिटल कॅमेऱ्यातली चिप त्यातले निम्म्याच्या आसपास पकडते. माझा कॅमेरा तर जुन्या बाजारातून घेतलेला आहे.

बरं, आता अंगणात या.

८ एप्रिल २०२४. फाल्गुनातली अमावास्या. दुसऱ्या दिवशी गुढीपाडवा, म्हणून आम्ही सगळेच आंबवड्याला जमलो होतो. माझी भाची तेव्हा सातवीत होती. ती माझी मदतनीस. फाल्गुन अमावास्या मी का निवडतो, तर मध्यरात्रीच्या सुमारास कन्या रास जवळजवळ डोक्यावर येते. सिंहेच्या शेपटीतला तारा, म्हणजे उत्तरा फाल्गुनी, तिथून कन्येकडे सरकलात की आकाशाचा एक ओसाड वाटणारा तुकडा लागतो. डोळ्यांना तिथे काही नाही. पण हजाराहून जास्त दीर्घिकांचा पुंजका नेमका तिथे आहे. डोक्यावर असलेल्या वस्तूचा उजेड हवेच्या सर्वांत पातळ थरातून येतो, हा मोठा फायदा.

भाचीने ध्रुवतारा शोधला. आंबवड्याहून तो क्षितिजापासून फक्त १८ अंशांवर दिसतो, कारण गावाचा अक्षांशही साधारण तेवढाच. हात सरळ लांब धरून एकावर एक दोन मुठी ठेवल्या, की त्याच्या किंचित खाली. त्याच बाजूला पुणं आहे, त्यामुळे तिथे आकाशाला कायम पिवळट फिकेपणा असतो. दुर्बिणीच्या बैठकीचा एक दांडा ध्रुवाकडे रोखायचा आणि मोटर लावून त्या दांड्याभोवती दुर्बीण हळूहळू फिरवायची. पृथ्वी जेवढी पूर्वेकडे फिरते तेवढीच ती पश्चिमेकडे. मग तारे एका जागी थांबल्यासारखे होतात.

हे सगळं जमलं, आणि पहिला फोटो पडद्यावर आला तो दुधाळ पांढरा. मागच्या वर्षी अंगणाबाहेरच्या वाटेवर खांब नव्हता. या वर्षी होता, आणि त्यावर नवाकोरा पांढरा एलईडी दिवा. तो वाटेवर पडत होता, आमच्या आंब्यावर पडत होता, आणि थेट दुर्बिणीच्या नळीतही शिरत होता. हवेत धूळ असतेच. दिव्याचा उजेड तिच्यावर पडून सगळी हवाच उजळते. साडेपाच कोटी वर्षं चालत आलेला उजेड शेवटच्या वीस पावलांत या दिव्याने झाकून टाकला होता.

मी तडक शेजारच्या काकींकडे गेलो. दिव्याचं बटण त्यांच्या घराच्या भिंतीला आहे. म्हटलं, "काकी, तेवढा दिवा दोन तास घालवू का?"

"का रं बाबा?"

"आकाशाचे फोटो काढायचेत. अंधार पाहिजे."

काकी उठून दारात आल्या. म्हणाल्या, "तुला अंधार पाह्यजे व्हय? आमच्याकडं लई होता. माझ्या नणंदेला या वाटंवर घोणस चावली, तवा दिवा नव्हता. पाय आजून ओढत चालती. सात वर्सं मागत होतो दिवा. तू येतो दोन दिस, फोटू काढून जातो."

मित्रांनो, मला उत्तर सुचलं नाही. खरं सांगायचं तर आधी थोडा रागच आला होता. एक रात्र, दोनच तास! पण परत येताना त्या उजेडात मला वाटेवरचा प्रत्येक दगड दिसत होता, आणि मी मोबाइलची बॅटरी न लावता चालत होतो. भाची म्हणाली, "मामा, त्यांचं बरोबर आहे ना?" मी हो म्हटलं. मग आम्ही दुर्बिणीभोवती चादरी बांधून पाहिल्या. वाऱ्याने त्या फडफडल्या, दुर्बीण हलली, तारे वळवळले. अडीच वाजता नाद सोडला.

पुण्याला आल्यावर एक बातमी डोक्यात घोळत राहिली. त्याच वर्षी जानेवारीत आपल्या महाराष्ट्रातल्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला भारतातलं पहिलं 'डार्क स्काय पार्क' म्हणून मान्यता मिळाली होती. अंधार राखलेलं आकाश! मी वाचलं तेव्हा वाटलं, तिथे जंगलच आहे, त्यांना काय अवघड. पण नाही, तिथेही गावं आहेत, रस्त्यांवर दिवे आहेत. ते काढून टाकले नाहीत, त्यांची तोंडं खाली वळवली. रस्त्यावर उजेड हवा असतो, आंब्याच्या शेंड्यावर आणि आभाळात कुणालाच नको असतो. तो तिथे जातो कारण दिव्याला बाजूने आडोसा नसतो, एवढंच.

मग काय! पुढच्या खेपेला आत्याकडचा तेलाचा पत्र्याचा मोठा डबा घेतला, उभा कापला, आतून काळा रंग दिला. दिव्याच्या आमच्या अंगणाकडच्या बाजूला आणि वरून तो आडोसा बसवायचा, खालची बाजू मोकळी. पंचायतीत जाऊन रीतसर विचारलं. तिथल्या लोकांना वाटलं मी नवीन दिवा मागायला आलोय, डब्याचं ऐकून ते हसले आणि हो म्हणाले. वायरमनने वीज बंद करून तो बसवला. (तुम्ही खांबाच्या जवळपासही जायचं नाही. हे काम वायरमनचंच!) पण त्याआधी मी काकींना विचारलं होतं. त्या म्हणाल्या, "बसव. पर मी चालून बघनार."

त्या रात्री काकी हातात काठी घेऊन वाट चालल्या. खांबापासून ओढ्यापर्यंत, आणि परत. अधूनमधून थांबून खाली वाकून पाहायच्या. मी आणि भाची परीक्षेचा निकाल ऐकायला उभं राहावं तसे अंगणात उभे. त्या आल्या आणि म्हणाल्या, "पयल्यापरीस बरं दिसतंय. डोळ्यात येत न्हाई." हे मला आधी सुचलंच नव्हतं. उघडा दिवा डोळ्यांत येतो तेव्हा बाहुली आकसते, आणि मग दिव्यापलीकडची सावली आणखीच काळी वाटते. मी डबा लावला तो माझ्या दुर्बिणीसाठी.

२९ मार्च २०२५. पुन्हा फाल्गुन अमावास्या, शनिवार. दिव्याचा प्रश्न मिटला होता, तर समोरच्या डोंगरावर वणवा! भोर-वेल्ह्याकडे या दिवसांत भाताच्या रोपांसाठी राब भाजतात, आणि वारा असला की ती आग कधी कधी डोंगरावर चढते. नऊ वाजता क्षितिजावर तांबडी रेघ आणि सगळीकडे धूर. भाची रडकुंडीला आली. आत्या म्हणाली, "जेवून घ्या आधी." साडेअकराला वारा फिरला, धूर खोऱ्याकडे उतरला, आणि वर स्वच्छ आकाश उघडलं.

आम्ही शंभर फोटो काढले, प्रत्येक एक मिनिटाचा. एकच मोठा फोटो का नाही? एक तर मोटर थोडी चुकते, मध्येच कुत्रं भुंकत येतं, विमान जातं. आणि दुसरं कारण जास्त महत्त्वाचं. कॅमेऱ्याच्या चिपमध्ये स्वतःचाच एक गोंगाट असतो, आकाशाच्या उजेडातही असतो. वर्गात दंगा चालू आहे आणि कोपऱ्यातलं एक मूल हळू आवाजात एकच ओळ पुन्हा पुन्हा म्हणतंय, असं समजा. एकदा ऐकून काही कळणार नाही. पण शंभर वेळा ऐकलंत तर ती ओळ दर वेळी तीच असते, दंगा मात्र दर वेळी वेगळा. शंभर फोटो एकावर एक ठेवले की दीर्घिकेचा उजेड शंभर पट होतो, पण गोंगाट फक्त दहा पट वाढतो, कारण शंभराचं वर्गमूळ दहा. वर्गमूळ कशाला शिकायचं असं विचारणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं! त्यानंतर दुर्बिणीला टोपी घालून आणखी वीस फोटो घेतले. निव्वळ काळोखाचे. कॅमेऱ्याचे स्वतःचे ठिपके कुठे कुठे आहेत ते त्यात कळतं, मग ते वजा करता येतात. भाची म्हणाली, "स्टुडिओवाले काका असते तर म्हणाले असते, सगळं काळं आहे."

पहाटे लॅपटॉपवर शंभर फोटो एकत्र झाले. मी आधीच सांगून ठेवलं होतं, तरी भाचीचं तोंड उतरलं. पुस्तकातल्या रंगीत, झगमगत्या दीर्घिका तिच्या डोळ्यांपुढे होत्या. पडद्यावर होते करडे डाग. काही गोल, काही बडीशेपेसारखे लांबट. "एवढंच?" ती म्हणाली. मी गप्प बसलो. थोड्या वेळाने ती पडद्याच्या जवळ सरकली आणि मोजायला लागली. मोठे दोन, त्यांच्यापासून वळत गेलेली एक माळ, मग बारीक बारीक. प्रत्येक ठिपक्यावर आमचा वाद झाला, हा तारा की दीर्घिका. तारा टोकदार असतो, दीर्घिकेची कड विरलेली असते. तिने एकवीसपर्यंत मोजलं. मी एकोणीसच मान्य केले.

त्यातले मोठे दोन डाग म्हणजे एम ८४ आणि एम ८६. यातला 'एम' हा शार्ल मेसिए या फ्रेंच माणसाचा. तो धूमकेतू शोधायचा, आणि धूमकेतूसारखे दिसणारे हे डाग त्याची फसगत करायचे. म्हणून त्याने त्यांची यादीच केली. १८ मार्च १७८१ च्या एका रात्रीत त्याने आकाशाच्या या भागातले आठ डाग नोंदवले. ते काय आहेत याची त्यालाही कल्पना नव्हती. याच पुंजक्यातला एम ८७ त्याने त्याच रात्री टिपला. त्याच्या पोटातल्या कृष्णविवराचं चित्र १० एप्रिल २०१९ ला जगाने पाहिलं. कृष्णविवराचं ते पहिलंच चित्र.

उजाडायला आलं होतं. रायरेश्वराचा डोंगर दिसू लागला. मी भाचीला म्हटलं, हा डोंगर ज्या लाव्हाचा झालाय तो सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी वाहत होता. तुझ्या या डागांचा उजेड निघाला त्याला साडेपाच कोटी वर्षं झाली असतील. म्हणजे तो निघाला तेव्हा आपल्या पायाखालचा खडक थंड होऊन कोटभर वर्षं उलटली होती. ती म्हणाली, "मग डोंगर मोठा." असा हिशोब मी कधी केला नव्हता.

काकी दूध घेऊन आल्या होत्या. त्यांनाही पडदा दाखवला. बराच वेळ त्या पाहत राहिल्या. मग विचारलं, "ही समदी आत्ता हायेत का तिथं?"

शिकलेल्या माणसांना मी दुर्बिणीतून खूप काही दाखवलंय, पण हा प्रश्न इतक्या लवकर कुणी विचारत नाही. मी म्हटलं, "असणारच काकी. दीर्घिका हजारो कोटी वर्षं टिकतात, साडेपाच कोटी म्हणजे त्यांना काही दिवसांसारखे. पण आत्ता कशा आहेत ते मात्र कळायला मार्ग नाही. तो उजेड अजून वाटेत आहे." काकींनी मान हलवली आणि म्हणाल्या, "गावाकडं पत्र यायचं तसं. लिहिलं तवा बरा व्हता."

मग घरात गुढीची तयारी सुरू झाली आणि मला दुर्बीण अंगणातून हलवावी लागली.

तुमच्यापैकी कुणाला हे करून पाहायचं असेल तर एकट्याने सुरुवात करू नका. पुण्यात ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून आहे, मुंबईला खगोल मंडळ १९८५ पासून. अशा मंडळांबरोबर आधी एक रात्र आकाश पाहा. दुर्बीण विकत घ्यायची घाई तर मुळीच नको. पालकांनो, हे तुमच्यासाठीही आहे!

आमचं एक काम राहिलं आहे. त्याच कन्या राशीत ३सी २७३ नावाचा एक ठिपका आहे. तो अगदी ताऱ्यासारखा दिसतो, पण आहे क्वेसार. म्हणजे एका दीर्घिकेच्या मध्यभागातला प्रचंड तेजस्वी भाग. तो इतका दूर आहे हे मार्टिन श्मिट यांनी १९६३ मध्ये ओळखलं. त्याचा उजेड सुमारे २०० कोटी वर्षांपूर्वी निघालाय. सहा इंची दुर्बिणीच्या फोटोत तो येतो. त्या रात्री आम्ही त्याच्याकडे दुर्बीण वळवली आणि बॅटरी संपली. नंतर हवा धुरकट झाली, मग पाऊस आला.

परवा आत्याचा फोन आला होता. पावसात डबा गंजलाय, आणि त्यात गांधीलमाश्यांनी घर केलंय. काकींनी निरोप दिलाय की नवीन डबा बसवायला लवकर ये, दिवा परत डोळ्यात यायला लागलाय. तेलाचा रिकामा डबा आत्याने धुऊन ठेवला आहे. काळा रंग मला न्यायचा आहे.